आठवड्याचा बाजार आणि अपुरा पैसा : रेवदंडा परिसराच्या शब्दसंपत्तीवरून एक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासाची जी साधने आजवर प्रसिद्ध झाली आहेत, त्यांत धान्याचे भाव, मजुरीचे दर आणि सारावसुलीचे आकडे पुष्कळ सापडतात. ह्या आकड्यांवरून अमुक वर्षी एका रुपयास किती तांदूळ मिळत असे हे काढता येते, आणि अभ्यासक बहुधा तेवढ्यावर थांबतात. परंतु ज्याच्या गाठीस पुरता रुपया क्वचितच असतो, त्याच्या दृष्टीने रुपयास किती तांदूळ हा मुख्य प्रश्नच नव्हे. हाती असलेल्या दोन आण्यांत आज काय घ्यावे, काय परवावर ढकलावे आणि पुढचा पैसा येईपर्यंत घरातील चूल कशी पेटती ठेवावी, हा त्याचा प्रश्न. भावाचा इतिहास आणि खरेदीचा इतिहास ह्या दोन वेगळ्या गोष्टी होत. पहिलीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय दुसरी हा आहे.

ह्या दुसऱ्या इतिहासाची अडचण उघड आहे. सावकाराच्या व वाण्याच्या वह्या काही प्रमाणात टिकून राहतात, पण दोन आण्यांचा हिशेब करणाऱ्या गृहिणीची वही नसते. तिचा हिशेब तोंडी आणि तिचे कोष्टक मनात. तथापि ज्या शब्दांनी ती हिशेब करीत होती, ते शब्द मात्र टिकले आहेत. मापांची नावे, अपूर्णांकांची नावे, मुदतींची नावे आणि कर्जाची नावे ही ह्या इतिहासाची दप्तरेच म्हणावयास हरकत नाही. कुलाबा जिल्ह्यातील (१९८१ पासून रायगड जिल्ह्यातील) रेवदंडा व त्याच्या आसपासचा किनारा हे क्षेत्र डोळ्यांसमोर ठेवून ह्या दप्तरांचे वाचन येथे केले आहे. चर्चिलेले बहुतेक शब्द रेवदंड्यापुरते मर्यादित नाहीत, ते बहुतांश मराठी मुलखाचे आहेत. मात्र ते ज्या गरजेतून वापरात राहिले, ती गरज ह्या किनाऱ्यावर विशेष स्पष्ट दिसते.

२. स्थळ आणि पुरवठ्याचे ऋतुमान

कुंडलिका नदी समुद्रास मिळते त्या मुखाच्या उत्तर तीरावर रेवदंडा वसले आहे. समोर दक्षिणेस कोर्लईचा डोंगरी किल्ला. लगतचे चौल हे प्राचीन बंदर, आणि रेवदंडा हे पोर्तुगीजांचे खालचे चौल. सोळाव्या शतकाच्या पहिल्या पावशतकात येथे पोर्तुगीजांची वखार व कोट उभा राहिला आणि १७४० मध्ये तो मराठ्यांच्या हाती आला. त्या पहिल्या पावशतकातच दुआर्ते बार्बोझा ह्या पोर्तुगीज लेखकाने चौलचे जे वर्णन केले, त्यातील एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. हे बंदर वर्षातील डिसेंबर ते मार्च ह्या महिन्यांतच गजबजे. त्या काळात घाटावरून बैलांच्या पाठीवर माल येई, खरेदीविक्री होई, आणि एरवी वस्ती विरळ असे. म्हणजे येथील बाजारास आरंभापासूनच ऋतूची वेस होती.

मोठा व्यापार ओसरला तरी ही वेस गेली नाही. आगबोटी आणि गलबते ह्यांवर अवलंबून असलेल्या ह्या किनाऱ्याची वाहतूक पावसाळ्याच्या तोंडाशी थांबे. खाडी ओलांडणे अवघड होई व कच्चे रस्ते चिखलात बुडत. त्यामुळे पाऊस लागण्यापूर्वी चार महिन्यांचे सामान घरात आणून ठेवणे भाग असे. ह्या संधिकाळास येथे ‘आगोट’ म्हणतात. आगोटीत भात वा तांदूळ, वाल, मीठ, मिरची, कांद्याच्या माळा, चिंच, आमसुले, सुकट, जवळा आणि सुके बोंबील घरात येत. जळाऊ लाकूड आणि गोवऱ्या ह्यांचीही तीच वेळ.

ह्या साठ्यास मराठीत जो शब्द रूढ आहे तो अर्थपूर्ण आहे. ‘बेगमी’ हा शब्द फारसीतील ‘बे’ म्हणजे विना आणि ‘गम’ म्हणजे दुःख वा चिंता ह्या दोन अवयवांतून आला. मूळ अर्थ निश्चिंतपणा. मराठीने त्या भावनेचे नाव वस्तूस दिले आणि धान्याच्या साठ्यासच निश्चिंतपणा म्हटले. ज्या समाजात साठा आणि निर्धास्तपणा ह्यांत फरक उरत नाही, तेथेच असे अर्थांतर घडू शकते.

परंतु बेगमी करण्यास एकरकमी पैसा लागतो. ज्याची स्वतःची भातशेती आहे, किंवा नारळी-पोफळीच्या वाडीचे उत्पन्न आहे, त्यास ती करता येते. वाडीत शिंपणे-खणणे करणारा मजूर, होडीवरील खलाशी, कुळाने शेती करून उत्पन्नाचा मोठा हिस्सा खोतास देणारा आगरी शेतकरी, अथवा मुंबईतील मिळकतीच्या मनीऑर्डरीवर चालणारे घर ह्यांस ती पूर्ण प्रमाणात साधत नसे. टपाल खात्याने १८८० पासून मनीऑर्डरीची सोय केल्यावर कोकणातील असंख्य घरांत पैसा महिन्याच्या ठेक्याने येऊ लागला. वर्षाचा साठा, महिन्याचा पैसा आणि रोजची भूक ह्या तीन मुदतींचा मेळ घालणे हे काम घरातील बाईकडे आले.

३. निम्म्याचे निम्मे

ह्या मेळासाठी तिच्या हाती जे साधन होते ते म्हणजे देशी मापांची उतरंड. सर्वसाधारण कोष्टक येणेप्रमाणे : दोन नेळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अडशिरी आणि दोन अडशिऱ्यांची एक पायली. त्यापुढे मण व खंडी. पायलीचा आणि मणाचा आकार गावोगाव बदले, पण उतरंडीचे तत्त्व एकच राही. वरचे माप घ्यावे आणि निम्मे करावे, मग त्याचेही निम्मे. नेळवे हा शेराचा सोळावा हिस्सा.

वजनातही हेच. शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक. ‘अच्छेर’ म्हणजे अर्धा शेर. अर्ध्याचा संक्षेप ‘अद’ आणि पुढचा ‘शे’ ह्यांचा संयोग होऊन ‘च्छ’ झाला. वारंवार तोंडी येणारे शब्दच असे झिजतात, तेव्हा हे रूप बाजारातील वर्दळीची साक्ष देते. ‘नवटाक’ आणि ‘छटाक’ ही जोडी त्याहून बोलकी आहे. टाक हे जुने लहान वजन. नवटाक म्हणजे नऊ टाक, आणि तो शेराचा आठवा हिस्सा. म्हणजे तो शेर बहात्तर टाकांचा असला पाहिजे, आणि मुंबईचा जुना शेर खरोखरच बहात्तर टाकांचा होता. उलट छटाक म्हणजे सहा टाक, आणि तो शेराचा सोळावा हिस्सा. त्याअर्थी हा शेर शहाण्णव टाकांचा ठरतो. दोन निरनिराळ्या शेरांची पोरे एकाच दुकानात एकत्र नांदू लागली. मुंबईचा तो जुना वजनी शेर सुमारे ११ औंसांचा, तर पुढे सर्वत्र प्रमाण झालेला ८० तोळ्यांचा शेर दोन पौंडांहून किंचित अधिक. शेर हा शब्द तोच राहिला, पण त्याच्या आतील धान्य जवळजवळ तिप्पट झाले. जुन्या भावांच्या याद्या वाचणाऱ्या अभ्यासकाने हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

शाळेतील पाढ्यांतही ही उतरंड उतरली होती. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे पाढे मराठी शाळेत पाठ करून घेत. औट म्हणजे साडेतीन. पूर्णांकांच्या पाढ्यांनंतर अपूर्णांकांचे पाढे पाठ करावयास लावणारी ही पद्धती हौसेची नव्हती. पाच आणे शेराचा जिन्नस पावशेर घेतल्यास किती पैसे, हे दुकानाच्या पायरीवर उभ्या उभ्या काढावयाचे होते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, शेराच्या सोळा छटाका. नाणे आणि वजन दोन्ही निम्म्याने उतरत असल्यामुळे हा हिशेब जुळे. जितक्या आण्यांना शेर तितक्या पैशांना पावशेर, आणि रुपया शेराचा जिन्नस असेल तर आण्याला एक छटाक. निरक्षर बाईसही हे कोष्टक मुखोद्गत असे, कारण त्यात भागाकार नाही, केवळ निम्मे करणे आहे.

‘काटकसर’ ह्या शब्दाचा उत्तरार्ध येथे आठवावा. ‘कसर’ हा अरबी ‘कस्र’ ह्या शब्दाचा वंशज, आणि त्याचा अर्थ मोडलेला तुकडा, अपूर्णांक. काटकसर ही मुळात अपूर्णांकांची विद्या आहे, हे सांगण्यास निराळ्या नीतिपाठाची जरुरी नाही.

४. वाटा

सर्वच जिन्नस मापाने वा वजनाने मिळत नसत. कोळणीच्या टोपलीतील मासळी आणि बाजारात मांडलेली पुष्कळशी भाजी ‘वाट्या’ने विकली जाई, व आजही विकली जाते. ह्यातील भेद बारकाईने पाहण्याजोगा आहे. पावशेर डाळीत परिमाण ठरलेले असते आणि किंमत चढउतार करते. वाट्यात किंमत ठरलेली असते आणि परिमाण चढउतार करते. मासळी भरपूर आली की त्याच पैशांत वाटा मोठा होतो, तुटवडा पडला की लहान. विकणारीचा हात वरून दोन मासे टाकतो अथवा टाकीत नाही, आणि घासाघीस होते ती किंमतीवर नव्हे तर ह्या वरच्या दोन माशांवर.

ज्याची मिळकत ठराविक व तोकडी आहे, त्यास ही पद्धती फार सोयीची. त्याचा खर्च आधी ठरतो. घरात कालवण पातळ होईल की घट्ट, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो. म्हणून आठवड्याच्या खरेदीचे दोन भाग पडत. तांदूळ, डाळ, तेल, मीठ आणि तिखट हे मापाचे जिन्नस. ते ठराविक प्रमाणात लागतात आणि त्यांत तूट आली तर पोट रिकामे राहते. मासळी व भाजी हे वाट्याचे जिन्नस. भाव चढले असता ताण सोसावयाचा तो ह्यांनी. आपल्या भाषेत किमान संसाराचे नाव ‘तेल-मीठ’ असे आहे, मासळी-भाजी असे नाही, ह्याचे कारण हेच असावे. पहिल्या गटाचा पैसा बाजूस काढल्यावर जे उरते त्यात दुसरा गट बसविणे, हा अपुऱ्या पैशांतील बाजाराचा पहिला नियम. मासळी अगदीच आवाक्याबाहेर गेली तर आगोटीतील सुकट असतेच, आणि तांदूळ कमी पडला तर भाताऐवजी पेज.

५. एकाच्या खाली आणि एकाच्या वर

आतापर्यंत पाहिलेले सर्व अपूर्णांक एकाहून लहान आहेत : निम, पाव, नवटाक, छटाक. पाठांतराच्या यादीत मात्र सवायकी व दिडकी ह्याही आहेत, आणि त्यांतील अपूर्णांक एकाहून मोठे आहेत. घेणाऱ्याच्या बाजारहाटात त्यांचे काम थोडे. ते शब्द मोठ्याने ऐकू येतात ते कर्जाच्या व्यवहारात. पावसाळ्यात घरातील भात संपले म्हणजे सावकाराकडून वा खोताकडून धान्य उसने आणीत, आणि सुगीत ते ‘सवाई’ने अथवा ‘दिडी’ने फेडीत. सवाईने चार पायल्या नेल्या तर पाच परत द्यावयाच्या, दिडीने नेल्या तर सहा. आषाढात घेतलेले मार्गशीर्षात फेडले असे धरले तर मुदत पाच महिन्यांची होते. त्या हिशेबाने सवाईचा वार्षिक दर शेकडा साठ आणि दिडीचा शेकडा एकशेवीस पडतो. त्यात मापाचा प्रश्न वेगळाच. देताना मापावरून हात फिरवून ते सपाट करावयाचे आणि घेताना शीग लावून घ्यावयाचे, ही खोतीच्या मुलखातील जुनी तक्रार आहे. धान्य मोजताना पहिल्या मापास ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणण्याची रीत सर्वत्र आहे. लाभ कोणाचा, हे शीग ठरवी.

ह्यावरून एक सूत्र हाती येते. एकाच्या खालचे अपूर्णांक हे तुटपुंज्या पैशाने रोख घेणाऱ्याचे, आणि एकाच्या वरचे अपूर्णांक हे त्यास उसने देणाऱ्याचे. ज्याच्याजवळ एकरकमी पैसा नाही, त्यास दोनच वाटा उरतात. रोजच्या रोज छटाक-पावशेर घ्यावे आणि किरकोळीचा चढा भाव सोसावा, नाहीतर घाऊक साठा उधारीने उचलावा आणि सवाई-दिडी भरावी. पहिल्या वाटेने जिन्नस महाग पडतो, दुसऱ्या वाटेने पैसा महाग पडतो. गरिबाचा संसार ‘पाव’ आणि ‘सवा’ ह्या दोन शब्दांच्या चिमटीत सापडलेला असे.

ही चिमटी केवळ तर्काने काढलेली नव्हे. रेवदंड्याच्याच तालुक्यात, अलिबाग तालुक्यातील चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी नारायण नागू पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली १९३३ च्या ऑक्टोबरात खोतांच्या जमिनी न कसण्याचा निश्चय केला, आणि तो संप १९३९ पर्यंत टिकला. ह्या वर्षांत त्या घरांत भाताची रास आली नाही. मोलमजुरी करून आणि लाकूडफाटा विकून त्यांनी दिवस काढले. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर वर्षाचे मान सोडून ती शेकडो घरे दिवसाच्या मानावर आली, पण पुन्हा सवाईकडे वळली नाहीत. खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडले, आणि कायदा १९४९ मध्ये झाला. संपाच्या इतिहासात सभा व ठराव ह्यांची नोंद असते. पण सहा वर्षे रोजचे तेल-मीठ रोज जुळविणाऱ्या बायकांच्या हिशेबाशिवाय तो संप टिकला नसता, हेही इतिहासाने नमूद करावे.

६. आठवडा आणि हप्ता

दिवस आणि वर्ष ह्यांच्या मध्ये आठवडा येतो. सात वारांच्या मुदतीस आपण आठवडा का म्हणतो, ह्याचा उलगडा दोन्ही टोके धरून मोजण्याच्या रीतीत आहे. ह्या बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत दोन्ही दिवस धरले तर आठ होतात. फ्रेंच भाषेतही आठवड्याच्या मुदतीस ‘आठ दिवस’ म्हणण्याचा प्रघात आहे. पोर्तुगीजांत सोमवार ते शुक्रवार ह्या वारांच्या नावांत ‘फेइरा’ हा शब्द येतो. त्याचे मूळ लॅटिनमधील सणाच्या दिवसाच्या नावात असले, तरी त्याच शब्दाचा पोर्तुगीजांत दुसरा अर्थ बाजार असा आहे. वार आणि बाजार ह्यांचे नाते असे दूरवर पसरलेले आहे.

रेवदंड्याच्या परिसरात ह्या नात्याचा एक स्वतंत्र पुरावा आहे. ह्या किनाऱ्यावरील बेने इस्राएल समाजाचा पारंपरिक धंदा तेलाचा घाणा चालविणे हा होता, आणि शनिवारी ते काम बंद ठेवीत. म्हणून गावोगाव त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव पडले. धर्माचे नाव वा मूळ देशाचे नाव न घेता शेजाऱ्यांनी त्यांना ओळखले ते घाणा कोणत्या दिवशी थांबतो ह्यावरून. तेल छटाकेने घेणाऱ्या घरास हा दिवस लक्षात ठेवणे भागच होते. शुक्रवारी बुधली भरून ठेवली नाही तर शनिवारी फोडणी नाही. त्याचप्रमाणे सोमवारी किंवा एकादशीस मासळी न खाणाऱ्या घरांचे वार वेगळे, आणि पगारी घरांचे वेगळे. वारांच्या अशा जाळ्यातून खरेदीचा आराखडा आपोआप तयार होई.

आठवड्याच्या मुदतीची सोय कोठे होती, हे वरच्या सूत्रावरून समजते. आठवड्याची खरेदी रोजच्यापेक्षा मोठी असल्यामुळे छटाकेऐवजी पावशेर आणि पावशेराऐवजी अच्छेर घेता येई, आणि किरकोळीचा चढा भाव काही अंशी टळे. तथापि ती वर्षाच्या बेगमीइतकी मोठी नसल्यामुळे सवाईने पैसा उचलावा लागत नसे. पाव आणि सवा ह्यांच्या मधली अरुंद वाट ती हीच. ह्या वाटेवर राहण्यासाठी दोन गोष्टी लागत : आठवडाभर पुरेल इतका रोख पैसा एका दिवशी हाती असणे, आणि आणलेले सामान सातव्या दिवसापर्यंत पुरविण्याचा निग्रह. दुसरी गोष्ट घरातील बाईच्या स्वाधीन होती, पहिली नव्हती.

पहिली हुकली म्हणजे काय होते, हे दुसऱ्या एका शब्दात नोंदलेले आहे. फारसी ‘हफ्त’ म्हणजे सात, आणि ‘हफ्ता’ म्हणजे आठवडा. हिंदी-उर्दूत हा अर्थ कायम आहे. मराठीत मात्र ‘हप्ता’ म्हणजे कर्ज फेडण्याचा ठराविक भाग. खरेदीच्या मुदतीस मराठीने आपला देशी शब्द ठेवला आणि परतफेडीच्या मुदतीस परका शब्द दिला. एकाच सात दिवसांची ही दोन नावे. घरात काही येते तो आठवडा, घरातून काही जाते तो हप्ता. ‘पगार’ हा शब्दही पोर्तुगीज असून तेथे त्याचा अर्थ देणे, फेडणे असा आहे. आपण तो मिळण्याच्या अर्थी वापरतो. पगार हाती येताच फेडीत जातो हा अनुभव ज्यांस आहे, त्यांना मूळ अर्थ अगदीच परका वाटू नये.

मुंबई सरकारच्या मजूर कार्यालयाने १९२१-२२ मध्ये मुंबईतील कामगारांच्या कौटुंबिक जमाखर्चाची पाहणी केली आणि फिंडले शिरास ह्यांचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. कामगाराच्या खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग अन्नावर जातो, असे त्यात दिसून आले. ह्या कामगारांत कोकणातून आलेले पुष्कळ होते. गरीब मनुष्य अदूरदर्शी असतो, हातचा पैसा उडवितो, असा समज त्या काळच्या सुशिक्षित वर्गात रूढ होता, आणि तो अजून गेलेला नाही. मात्र वरील शब्दसंपत्ती त्याविरुद्ध साक्ष देते. ज्या लोकांनी निम्म्याचे निम्मे करणारी एवढी बारीक उतरंड जपली, त्यांना दूरदृष्टी नव्हती असे म्हणता येत नाही. त्यांच्याजवळ नव्हता तो सलग सात दिवसांचा रोख पैसा.

७. सरकारी आठवडा

जपानी सैन्याने १९४२ च्या मार्चमध्ये रंगून घेतले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ येणे बंद झाले. भात खाणाऱ्या किनाऱ्यास हा घाव मोठा होता. मुंबई शहरात २ मे १९४३ रोजी धान्याचे नियंत्रित वाटप सुरू झाले. त्याच वर्षी ग्रेगरी समितीने मोठ्या शहरांत असे वाटप करावे आणि प्रौढ माणसास दिवसास एक पौंड धान्य मिळावे, असे सुचविले. एक पौंड म्हणजे सुमारे एकोणचाळीस तोळे, म्हणजे अच्छेरास एक तोळा कमी. चार प्रौढांच्या घरास त्या मानाने आठवड्याचे अठ्ठावीस पौंड, म्हणजे सुमारे साडेतेरा शेर धान्य लागे. जो हिशेब प्रत्येक घर मनाशी करीत होते, तो प्रथमच सरकारने कागदावर मांडला.

ह्या कागदास मराठीने दिलेले नाव ‘शिधापत्रिका’. शिधा म्हणजे पाहुण्यास, ब्राह्मणास वा वाटसरूस स्वयंपाकासाठी दिलेले कोरडे सामान. तो शब्द आतिथ्याचा आणि दानाचा होता. आता तो हक्काचा झाला. पुढे नियंत्रण उठले, पुन्हा आले, आणि १९५४ मध्ये बहुतांशी उठले. तरी शब्द राहिला. आज २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य गटातील माणशी महिन्यास ५ किलो धान्य मिळते, आणि २०२३ च्या जानेवारीपासून ते विनामूल्य आहे. पाच किलो म्हणजे दिवसास सुमारे १६५ ग्रॅम. ग्रेगरी समितीचा पौंड ४५३ ग्रॅमांचा होता. अर्थात दोन्हींचा हेतू भिन्न आहे. आजचे धान्य संपूर्ण गरज भागविण्यासाठी नसून खुल्या बाजारातील खरेदीस आधार म्हणून आहे. पण म्हणूनच उरलेल्या गरजेचा आठवड्याचा हिशेब आजही घरालाच करावा लागतो.

८. दशमान पद्धतीचा धक्का

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि १९५६ च्या कायद्यान्वये १९५८ पासून १९६२ पर्यंत टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आला. ह्या सुधारणेचे लाभ निर्विवाद आहेत. गावोगावच्या निरनिराळ्या पायल्या आणि मण तिने संपविले. तथापि लहान खरेदीवर तिचा परिणाम कसा झाला, हे तपासण्याजोगे आहे.

अधिकृत रूपांतराच्या तक्त्यात एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे होत. जुन्या एका पैशाचे दोन होत. आता एका रुपयाचा व्यवहार एकेका जुन्या पैशाने केला, तर चौसष्ट वेळा दोन, म्हणजे १२८ नवे पैसे पडतात. एकेका आण्याने केला तर ९६. पावलीने केला तर बरोबर १००. ज्याची खरेदी पावलीची त्यास काही फरक नाही, आण्याची त्यास किंचित लाभ, आणि सर्वांत लहान नाण्याने घेणाऱ्यावर शेकडा २८ चा बोजा.

वजनात असेच घडण्याचा संभव होता. पावशेर सुमारे २३३ ग्रॅमांचा होता, त्याची जागा २५० ग्रॅमांच्या ‘पाव किलो’ने घेतली. छटाक सुमारे ५८ ग्रॅमांची होती, तिची जागा ५० ग्रॅमांनी. एकाची वाढ सुमारे सात टक्के, दुसऱ्याची घट सुमारे चौदा टक्के. भाव त्याप्रमाणे बदलला नाही तर लाभ पावशेर घेणाऱ्याचा आणि हानी छटाक घेणाऱ्याची. रुपयाला किती, हे सांगणाऱ्या भावयादीत ह्यांतील काहीच दिसत नाही. खरेदीचा आकार विचारात घेतल्याशिवाय महागाईचा इतिहास पुरा होत नाही, असे जे आरंभी सुचविले, त्याचे हे अंकगणिती प्रमाण होय.

९. समारोप

ह्या विवेचनातून तीन गोष्टी पुढे येतात. पहिली, अपुऱ्या पैशांतील घराचा हिशेब वस्तूच्या भावाइतकाच तिच्या मापाशी आणि पैशाच्या मुदतीशी बांधलेला असतो. म्हणून भावाच्या आकड्यांबरोबर खरेदीचा आकार आणि मुदत ह्यांचीही नोंद इतिहासकाराने केली पाहिजे. दुसरी, आठवडा ही मुदत केवळ पंचांगाची नव्हे. रोजच्या किरकोळीचा तोटा आणि वार्षिक उधारीचा तोटा ह्यांच्या मधली ती शहाणपणाची जागा होती. तिसरी, त्या जागी टिकून राहणे हे केवळ गृहिणीच्या काटकसरीवर अवलंबून नव्हते. आठवड्याचा पैसा एका दिवशी हाती पडतो की नाही, ह्यावर ते अवलंबून होते.

हे शब्द आज निरनिराळ्या रूपांत वावरत आहेत. किराणा दुकानाच्या दारात लोंबणाऱ्या पाच वा दहा रुपयांच्या पुड्या हे वाट्याचेच नवे रूप आहे. किंमत ठरलेली आणि परिमाण सरकते. मात्र कोळणीच्या वाट्यात वरचे दोन मासे मागता येत, बंद पुडीत ती सोय नाही. बांधीव मालाच्या नियमांत २०२१ मध्ये जी दुरुस्ती झाली, तीनुसार एका ग्रॅमचा वा किलोचा दर पुडीवर छापणे आवश्यक ठरले, त्याचे महत्त्व ह्या दृष्टीने आहे. पावकीचे पाढे विसरलेल्या पिढीस निदान तेवढा आधार मिळतो. दुसरीकडे लहान कर्जे देणाऱ्या संस्था आठवड्याच्या हप्त्याने वसुली करतात, आणि सात दिवसांचे ते दुसरे नाव पुन्हा आपल्या मूळ मुदतीस येऊन मिळते.

रेवदंडा परिसरातील ज्या वृद्ध स्त्रिया अजून मापटे-चिपट्यांत विचार करतात, त्यांच्या तोंडून ही कोष्टके, वाट्याचे संकेत आणि आगोटीच्या याद्या पद्धतशीरपणे टिपून ठेवण्याचे काम आपल्या विद्यार्थ्यांनी हाती घ्यावयास हवे. भावांच्या याद्या दप्तरखान्यात सुरक्षित आहेत. ही दप्तरे मात्र माणसांबरोबरच संपणार आहेत.